पंखा ओढणाऱ्याचे नाव

मोताळा-नांदुरा रस्त्यावर गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, कापसाने भरलेला ट्रक वळणावर उलटला. तीन जण ठार झाले. त्यांतला एक तू होतास, निळू.

पहिली दोन वाक्ये दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात आली. तिसरे आले नाही. ते का आले नाही हे सांगायचे तर मागे जावे लागेल. बातमीत आम्ही मागे जात नाही, मुख्य गोष्ट आधी आणि बाकीची उतरत्या क्रमाने लिहितो. तुला हे पटत नसे. "पोथी अशी वाचली तं फलश्रुती पह्यले अन् मंगलाचरन रद्दीत," असे तू म्हणायचास. आज तुझ्या पद्धतीने लिहितो.

बुलढाण्याच्या साहेबांच्या क्लबातली पुस्तके गोरे गेल्यावर बरीच वर्षे कपाटात पडून होती. पुढे ती रद्दीत निघाली आणि त्यांतली एक पेटी गुलाबशेठच्या कापड-दुकानात आली. पुडे बांधायला त्यांचा कागद जाड पडला, म्हणून शेठने पेटी तुला दिली. तू शाळेत इंग्रजी शिकवायचास. पेटीत कादंबऱ्या होत्या. लिहिणारे सगळे गोरे होते. कोणी अधिकारी, कोणी अधिकाऱ्याची बायको, कोणी हिवाळ्यापुरता हिंदुस्थान पाहून परत गेलेला. तू त्या सगळ्या वाचल्यास आणि मग गावात कोणालाही सुचली नसती अशी गोष्ट केलीस. पोथी लावतात तशी कादंबरी लावलीस.

चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. अर्थ सांगण्याचा मान देवबाजींचा होता. त्यांची चाळीसेक एकर जमीन, आवाज खणखणीत, आणि एका ओवीवर अर्धा तास बोलायची सवय. पोथीची समाप्ती झाली की हिवाळ्यात देवबाजी रिकामे असत. तू त्यांना वाचनालयाच्या ओसरीवर आणून बसवलेस. बाजार उठल्यावर माणसे जमायची. तू इंग्रजी पान डोळ्यांसमोर धरून मराठीत वाचायचास आणि अर्थ देवबाजी सांगायचे.

पहिल्या संध्याकाळी मी होतो. अकोल्याच्या दैनिकातून सुटी घेऊन तुझ्याकडे आलो होतो आणि मनातून हसत होतो. कादंबरी काळ्या मातीच्या एका जिल्ह्यात घडत होती. जिल्ह्याचे नाव बनावट होते, पण कापूस, ऊन आणि रेल्वेचे स्टेशन आपलेच वाटत होते. विलायतेहून नुकताच आलेला तरुण साहेब बंगल्यात बसला होता. तू वाचलेस, साहेब विचारात गढला होता आणि डोक्यावरचा पंखा हलत होता.

"थांबा मास्तर," देवबाजी म्हणाले. "तवा इज होती का?"

"नाई. कापडाचा पंखा. दोरीनं ओढाचा."

"मंग ओढत कोन होतं?"

तू पान वरखाली पाहिलेस. "लिवलेलं नाई."

"लिवलं नाई म्हंजे? दोरी ओढल्याबिगर हालते का थो? माह्या चुलत्यानं बुलढान्याले साहेबाचा पंखा ओढला हाये. पायाच्या अंगठ्याले दोरी बांधून, निजल्या निजल्या. किसन नाव त्याचं. लिवा तिथं, किसन."

गुलाबशेठ मागून म्हणाले, "तरीच देवबा, तुमी बसल्या जागी पाय हालवता! घरान्याचं हाये थे."

ओसरी हसली. देवबाजींनी पाय आवरून घेतला. तू मात्र खिशातून पेन्सिल काढलीस आणि समासात लिहिलेस, किसन. पुढच्या पानापासून तू वाचू लागलास, किसन पंखा ओढत होता आणि साहेब विचारात गढला होता. कादंबरी त्या क्षणी बदलली. तेव्हा मला ते कळले नाही. मला तो गावगप्पांचा प्रकार वाटला.

तिथून तो रिवाजच पडला. कादंबरीत बिननावाचे माणूस आले की तू थांबायचास आणि विचारायचास, "नाव?" ओसरीवरून कोणीतरी नाव द्यायचे आणि ते शेवटच्या पानापर्यंत पाळायचे. आया झाली सरस्वती. खानसामा झाला उस्मान. घोड्यामागे पळणाऱ्या माणसाला नाव देताना वाद झाला. गुलाबशेठ म्हणाले माझ्या व्याह्याचे द्या, त्यालाही उधारी मागितली की पळायची सवय आहे.

एकदाच नावे देता आली नाहीत. त्याच कादंबरीत पुढे पटकीची साथ आली. तिने गाव रिकामे केले, एवढे एकच वाक्य होते. त्यानंतर मडमेचा कुत्रा आजारी पडला आणि त्याचे दुखणे पुढची दोन पाने चालले. तू त्या वाक्यावर थांबून नेहमीप्रमाणे म्हणालास, "नाव?" ओसरी गप्प राहिली. देवबाजींनी अर्थ सांगितला नाही. थोड्या वेळाने तूच म्हणालास, "या वाक्यात कितीक जन हाये, थे साहेबालेच माईत नाई. चला फुडं."

आपला वाद त्या आठवड्यात सुरू झाला. तुझ्या घरी जेवताना मी म्हणालो की राज्य गेले, आता आपले मराठी राज्य आले, जिल्हा परिषद आली, आणि तू गावाला साहेबांच्या गोष्टी का ऐकवतोस? हे खोटे आहे, जाळून टाक.

"खोटं हाये म्हनूनच त वाचाचं," तू म्हणालास. "सरकारी अहवालात साहेब जपून लिवते बे. कादंबरीत त्याले वाटते आपन गंमत सांगून राह्यलो. तिथं थो उघडा पडते."

मग तू ताटातल्या भाकरीचे तुकडे मांडून मला त्या कादंबऱ्यांची रचना समजावलीस. सुमनवहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजी, तुमी जेवा. यायनं माहं जेवन तीन वर्सांपासून असंच मांडून ठेवलं हाये." तुझे म्हणणे असे होते. शेतकरी आला की तो लेकरू असतो, भोळा, प्रेमळ, मायबाप म्हणणारा. शिकलेला आला की कोल्हा. त्याच्या इंग्रजीची थट्टा, त्याच्या चष्म्याची थट्टा, आणि कट त्याच्याच घरी शिजतो. संस्थानिक आला की खुळा. आणि साहेब दमलेला बाप. लेकराला राज्य देता येत नाही, कोल्ह्याला देऊ नये, खुळ्याने ते घालवले आहे, म्हणून दमलेल्या बापानेच ते वाहायचे. "गोष्ट कोनतीबी घे," तू म्हणालास, "हिसाब हाच. राज्य काऊन करून राह्यलो हे साहेबाले कोनी इचारलं नाई, तरी थो पानापानाले उत्तर देते. न इचारता उत्तर देनाऱ्याच्या मनात काय असते?"

तू दुसरा मुद्दा काढलास. जवळपास प्रत्येक पुस्तकात एक प्रसंग येतोच. गावातून ढोल ऐकू येतो आणि साहेब अंथरुणात उठून बसतो. ढोल कशाचा ते त्याला कळत नाही. बंड असेल असे त्याला वाटते. तो उशाशी बंदूक घेतो. "लगन असंन बे कोनाचं तरी!" तू हसायला लागलास. "एवढं मोठं राज्य, अन् ढोल कायचा वाजते हे इचाराले एक मानूस नाई जवळ. पंखा ओढनारा किसन तिथंच होता न. त्यालेच इचाराचं."

मी म्हणालो की सगळेच लेखक तसे नव्हते. काहींना लाज वाटत होती. राज्याविरुद्ध लिहिणारेही त्या पेटीत होते.

तू गंभीर झालास. तसे आहेत, म्हणालास, आणि ते तुला आवडतात. एका पुस्तकात दुष्काळात चुकीचा हुकूम देणारा साहेब शेवटी एकटा रडतो, ते वाचताना तुझाही आवाज बसला होता. "पन पाह्य," तू म्हणालास, "पस्तावाबी त्याचाच. पानं त्याचीच. आपन त्याच्या पस्तावात नुसते मेलेले."

हे वाक्य मी तेव्हा लिहून घेतले नाही. ते आठवणीवरून देतो आहे.

तुझा शेवटचा मुद्दा माझ्यावर आला. तो पुढच्या भेटीत, मी परत निघताना, मोताळ्याच्या बसथांब्यावर आला, गुलाबशेठ आणि इतर चारचौघांसमोर. त्या आठवड्यात तालुक्यात एका पुढाऱ्याच्या हस्ते पाणीपुरवठ्याचे उद्घाटन झाले होते आणि बातमी मी लिहिली होती. तू पेपर उघडून मोठ्याने वाचलेस, "'ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले.' कोन ग्रामस्थ बे? मी तिथं होतो. देवबा तिथं होते. देवबानं इचारलं नळाले पानी कवा येईन, तं त्यायले मांगं सारलं. कोनी समाधान व्यक्त केलं, नाव सांग."

"बातमी अशीच लिहितात," मी म्हणालो.

"हाव, साहेबबी असंच लिवते. राज्य गेलं, वाक्य राह्यलं."

गुलाबशेठ म्हणाले, "मास्तर, जाऊ द्या, पाहुना हाये थो." मला राग आला. त्यांच्या समजावण्याने जास्त आला. मी तुला म्हणालो की तुझ्या ओसरीवरच्या करमणुकीत आणि वृत्तपत्रात फरक आहे. वृत्तपत्राला जागेचे बंधन असते, वेळेचे असते, आणि खात्रीशिवाय ते काही छापत नाही. तू हसून म्हणालास, "बरं बे पेपरवाल्या." बस आली. मी मागे पाहिले नाही. त्यानंतर मी मोताळ्याला आलो नाही. काम होते हे खरे आहे. कामामुळे आलो नाही हे खरे नाही.

दिवाळीनंतर तुझा निरोप आला. साहेबांच्या कादंबऱ्यांवर तू लांबलचक लेख लिहिला होतास आणि तो रविवारच्या पुरवणीत यावा अशी तुझी इच्छा होती. मी ट्रंककॉलवर सांगितले की लेख लांब आहे, कापावा लागेल.

"काप," तू म्हणालास. "पन शेपटाकडून कापू नको. तुमी लोक नेहमी शेपटाकडून कापता. माह्या लेखात मेन गोठ शेपटाले हाये."

"मग तूच कापून आण," मी म्हणालो आणि फोन ठेवला. माझ्याकडून तुला मिळालेले ते शेवटचे वाक्य.

आता त्या मंगळवारची हकिगत. मोताळ्याच्या आमच्या वार्ताहराने संध्याकाळी फोनवर बातमी दिली. ती दुसऱ्याने उतरवून माझ्या टेबलावर ठेवली. ती सात-आठ ओळींची होती. त्याच पानावर एका मंत्र्याचे भाषण होते, ते लांबले होते आणि आणखी जागा हवी होती. मी अपघाताच्या बातमीची पहिली दोन वाक्ये ठेवली आणि खालच्या ओळींवर पेन्सिलीने रेघ मारली. त्या ओळी मी वाचल्या नाहीत. वाचून कापल्या असत्या तर ती निर्दयता ठरली असती. ती सवय होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुलाबशेठचा फोन आला. त्यांनी विचारले, "तुमी काऊन नाई आले?" मी विचारले, कशाला? ते म्हणाले, "पेपर तुमचाच न? आमी समजलो तुमाले माईत असंन."

छापून झालेले कागद टोचून ठेवायच्या खिळ्यावरून मी कालचे कागद काढले. रेघेखाली तुझे नाव होते. त्याखाली जनाबाईंचे. त्याखाली लिहिले होते, तिसऱ्या मृताची ओळख पटलेली नाही.

तेरवीला आलो. वहिनींनी पाणी दिले आणि सांगितले, "तुमच्याकडंच निघाले होते. सकायची बस हुकली, नांदुऱ्याहून गाडी गाठाची होती, म्हनून ट्रकात बसले. लेख कापून घेतला होता म्हने यायनं. भाऊजी खूश होतीन म्हने." तुझी पिशवी पोलिसांनी परत दिली. तिच्यात पटकीवाली कादंबरी होती, समासात किसन, सरस्वती, उस्मान. लेख नव्हता. ट्रकातला कापूस रस्त्यावर पसरला होता आणि वाऱ्याने शेतांत गेला होता, एवढे वार्ताहराने सांगितले. लेखाचा शोध मी स्वतः घेतला. तो मिळालेला नाही. तुझी मुख्य गोष्ट काय होती हे मला ठाऊक नाही.

जेवणे झाल्यावर तुझी ओसरीची माणसे अंगणात बसली. गुलाबशेठने त्या दिवसाचा पेपर आणला होता. मला वाटले ते माझ्यासमोर ठेवतील. त्यांनी तो देवबाजींना दिला. देवबाजींनी पोथीसारखा मांडीवर धरला आणि वाचले, कापसाचा ट्रक उलटून तीन जण ठार झाले. मग ते थांबले. तू थांबायचास तसे.

"नाव?" कोणीतरी म्हणाले.

देवबाजींनी तुझे पूर्ण नाव घेतले. पेपरच्या समासात लिहिले.

"नाव?"

गुलाबशेठने जनाबाईंचे सांगितले. त्या भाजी विकायच्या, लेकीच्या बाळंतपणाला नांदुऱ्याला निघाल्या होत्या. देवबाजींनी तेही लिहिले.

"नाव?"

तिसरा हमाल होता. ट्रकावर कापूस चढवायला लावलेला, परगावचा. कोणालाच माहीत नव्हते. माणसे एकमेकांकडे पाहू लागली आणि मग जे घडले ते फक्त याच गावात घडू शकले असते. कोणी म्हणाले गणपत द्या. दुसरे म्हणाले गणपत आधीच्या पुस्तकात झाला, शंकर द्या. चेष्टा नव्हती. सगळ्यांचे डोळे ओले होते. तू शिकवलेले ते मनापासून करत होते. देवबाजींनी पेन्सिल टेकवली.

"थांबा," वहिनी दारातून म्हणाल्या. त्या ओसरीवरच्या वाचनाला कधी आल्या नव्हत्या. "हा काय पुस्तकातला हाये? त्याले त्याच्या मायनं नाव ठेवलं असंन. तुमी काऊन ठेवून राह्यले? इचारा न कोनाले तरी."

देवबाजींनी पेन्सिल उचलली. वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं काम हाये थे."

संपादकांशी बोललो. ते चांगले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "आपण चूक काय छापली? तीन जण ठार झाले, हे बरोबर आहे."

"नावे राहिली."

"राहिले म्हणजे चुकले नव्हे. दुरुस्ती कशाची छापायची?"

मी सांगितले की मृतांतला एक माझा मित्र होता. ते हळहळले आणि स्मृतिलेख लिहा म्हणाले, एक स्तंभ देतो. मी म्हणालो, मृत तीन आहेत. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. शेवटी म्हणाले, "तिसऱ्याची खात्री करून आणा. मग पाहू."

निळू, इथे मला तुझा रडणारा साहेब आठवतो. मला काय वाटते यावर मी काही परिच्छेद लिहिले होते. ते कापले आहेत. ही कात्री मी शेपटाकडून लावलेली नाही.

ट्रकचा चालक दवाखान्यात होता. तो म्हणाला की हमाल जळगाव जामोदकडचा, डोंगरातला होता. डाव्या हाताची करंगळी तुटलेली. ट्रकमध्ये तू त्याच्याशी बोलत होतास.

"काय बोलत होते?" मी विचारले.

"मास्तरनं त्याले नाव इचारलं होतं. त्यानं सांगितलं. मी गाडी चालवून राह्यलो होतो, माह्या ध्यानात नाई राह्यलं."

जळगाव जामोदच्या बाजाराच्या दिवशी गुलाबशेठ माझ्याबरोबर आले. सातपुड्यातली माणसे डिंक आणि मोहफुले घेऊन उतरतात तिथे आम्ही सकाळपासून तुटलेल्या करंगळीची विचारपूस केली. बरेच जण नुसते बघत राहिले. दुपारी एक माणूस स्वतः जवळ आला. तो हमालाचा भाऊ होता. हमालाने कामाचे पैसे घेऊन घरी यायचे कबूल केले होते, घरचे वाट पाहत होते. अंत्यविधी बेवारस म्हणून मोताळ्यातच उरकला होता. ते गुलाबशेठने सांगितले.

भाऊ खाली बसला. मग माझ्याकडे बघून त्याने विचारले, "पेपरवाले हो?"

"हो."

"पेपर में आया था?"

"आया था."

"नाम?"

"नहीं."

त्याने मान हलवली, जणू हे त्याला आधीच ठाऊक होते. मग त्याने नाव सांगितले आणि मी ते कागदावर लिहीपर्यंत माझ्या हाताकडे पाहत राहिला. वाचून दाखवा म्हणाला. मी वाचून दाखवले.

मृतांची नावे, खात्री झाली त्या क्रमाने:

नीळकंठ नारायण खर्चे, शिक्षक, राहणार मोताळा.

जनाबाई तुकाराम वाघ, भाजीविक्रेत्या, राहणार मोताळा.

रेमसिंग भावला, हमाल, राहणार भिंगारा, तालुका जळगाव जामोद.